आपोआप फुटलेलं दूध

आमच्या शेजारचे पुंडलिकराव मांजराची वाट पाहायचे. तुम्हीआम्ही मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागं येतो आणि दुसरं कोणी पुढं जाईपर्यंत चपलेचा अंगठा दुरुस्त करायचं सोंग करतो. पुंडलिकराव महत्त्वाच्या कामाला निघाले की गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहत आणि मांजर आडवं गेल्याशिवाय पुढं सरकत नसत. एकदा मांजर आलंच नाही आणि त्यांची उटनूरची बस चुकली. आता बस चुकली ती मांजरापायीच ना? पण त्यांना असं काही म्हणायची सोय नव्हती. ते चष्मा वर करून लगेच विचारत, "पुरावा काय?"

आदिलाबादेत त्यांचं भांड्यांचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक पोरगी शालू. माझी आणि त्यांची भिंत एक, त्यामुळं शाळेत दिवसभर पोरांना शिकवून आलो की संध्याकाळी मला शिकवायला हे हजर. शनिवारी ओट्यावर आरसा मांडून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी दाढी करायची. दिवेलागणीला नखं काढायची. अमावस्येला प्रवास करायचा. कोणी शिंकलं की मुद्दाम घराबाहेर पडायचं. त्यासाठी त्यांना पंचांग आमच्या भटजींपेक्षा जास्त पाठ ठेवावं लागे, कारण वाईट वेळ कोणती ते कळल्याशिवाय ती साधणार कशी? दुकानात देवाचा फोटो नव्हता, पण पंचांग मात्र खिळ्याला टांगलेलं असे. इतक्या श्रद्धेनं पंचांग पाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

शालूचं लग्नही त्यांनी पितृपक्षात लावलं. ती हैदराबादेत नर्सिंग शिकायला गेली आणि तिथंच एका पंजाबी मुलाशी तिचं जमलं. जातीचा, भाषेचा प्रश्न यांच्या मनातही आला नाही, हे त्यांचं मोठेपण मी मान्य करतो. पण लग्न सर्वपित्री अमावस्येला. भटजींनी हात जोडले, मग नोंदणी करून लग्न झालं. "पाह्यलं का मास्तर," जेवणाच्या पंगतीत मला म्हणाले, "आचारी मोकळा, मांडववाला मोकळा, बँडवाला मोकळा. आपलेच लोक मूर्ख हायेत."

पुढं शालूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट टिकलं नाही. मग गल्लीला तोंड फुटलं. पितरांच्या पंधरवड्यात लग्न लावलं, दुसरं काय होणार, असं बाया नळावर बोलायच्या आणि पुरुष पानठेल्यावर. पुंडलिकरावांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "पुरावा काय?" आणि घरात गेले. त्यानंतर काही महिने ते कोपऱ्यावर उभे राहिलेले दिसले नाहीत. मी आपला समजलो, मांजर मेलं असेल.

तिसऱ्या खेपेला सहावा महिना लागला तेव्हा त्यांच्या दुकानात लुधियान्याहून फोन आला. मी तिथंच बसलो होतो. पलीकडं शालूची सासू होती. ती हिंदीत सांगत होती आणि आवाज एवढा मोठा की फोन नसता तरी आला असता. बाळंतपण माहेरी करायची तुमची रीत असेल, पण तुमच्या घरात बाईमाणूस नाही. दोनदा असं झालेलं. त्यात पोरीला आता अन्न म्हणून जात नाही, पनीर तेवढं पोटात ठरतं. तुमच्या गावात पनीर तरी मिळतं का?

"मिलता है," पुंडलिकराव म्हणाले. "घरमेंच बनाते हैं हम." मग जावयानं फोन घेतला. पुढच्या पौर्णिमेला शालूला घेऊन येतो, व्यवस्था पाहतो, नीट वाटली तर ठेवतो, नाही तर सोबत परत नेतो, असं ठरलं. पुंडलिकरावांनी फोन खाली ठेवला, त्याला कुलूप लावलं आणि माझ्याकडं वळले.

"मास्तर, पनीर म्हंजे नेमकं काय असते?"

तेव्हा आमच्याकडं पनीर फक्त नागपूर रस्त्यावरच्या ढाब्यात मिळे. आम्ही तिथं गेलो. सरदारजीनं सांगितलं की दूध उकळा, लिंबू पिळा, फाटलं की फडक्यात बांधा, वर दगड ठेवा, झालं. मी म्हटलं, मग इथूनच नेऊ या की. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी विष विकत घ्यायला सांगितलं. "पोटुशी पोरीले ढाब्याचं देऊ? कोनाच्या हातचं, कोन्या दिवसाचं, पुरावा काय?"

शहरातलं दूध पाण्याचं, तेव्हा पनीर शिकायचं तर म्हशीच्या दारात जाऊन, असं त्यांनी ठरवलं. उटनूरच्या पुढं घाटात गवळ्यांची वस्ती होती. तिथल्या यमुनाबाई तूप विकायला आदिलाबादेत येत आणि चरव्या, कासंड्या यांच्या दुकानातून नेत. लगेच गल्लीत जाहीर झालं, "डोंगरावर पनीरची सहल हाय, चला, सगळ्यांनी हातानं करून पाहाचं." दहाबारा जण तयार झाले. मग पुंडलिकरावांनी दिवस सांगितला. अर्थात अमावस्या. उरलो मी आणि माझी बायको शकुंतला, आणि तीही शालूवरच्या मायेनं.

चैत्राचं ऊन. बसमध्ये पुंडलिकरावांनी पातेलं, झारा, मलमल, कागदी लिंबं आणि एक मोठा दगड चढवला. डोंगरावर दगड घेऊन चाललेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. कंडक्टरनं तेलुगूत विचारलं, हे काय? हे म्हणाले, "पनीर का सामान." मी हळूच सांगितलं की घाटात दगडांची कमी नसते. "ते दगड कोनी धुतले हायेत?" त्यांनी विचारलं आणि दगड मांडीवर घेतला.

यमुनाबाईंनी चांगलं स्वागत केलं. नुकतं काढलेलं फेसाळ दूध चुलीवर ठेवलं. दुधाला उकळी यायला लागली तसे पुंडलिकराव बाह्या सरसावून पुढं झाले आणि त्यांनी लिंबू काढलं.

"लिंबू कायले जी?" यमुनाबाईंनी विचारलं.

"दूध फोडाले."

बाईंनी पातेलं तसंच चुलीवरून उतरवलं. "दूध आपल्या हातानं फोडत नसतो आमी. नासलं तर नासलं, त्याले इलाज नाई. पन मुद्दाम फोडलं तं जनावर आटते."

पुंडलिकरावांचा चेहरा खुलला. एवढ्या लांब येऊन ताजी अंधश्रद्धा मिळाली, त्यांना पनीरचा विसरच पडला. उभ्याउभ्या त्यांनी लांबलचक भाषण दिलं. दूध म्हणजे काय, आंबट म्हणजे काय, पंजाबात रोज मणानं दूध फोडतात तरी तिथल्या म्हशी कशा टुणटुणीत. शेवटी नेहमीचं आलंच. "सांगा, पुरावा काय?"

"पुरावा कायचा जी?" बाई शांतपणे म्हणाल्या. "चूल माही हाय."

आमच्या विद्वानानं सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. पातेलं उचलून आम्ही ओढ्याच्या पलीकडं गेलो. शकुंतलानं काड्या वेचल्या, तीन दगडांची चूल मांडली. तिथं दगड न धुतलेले चालले. दूध पुन्हा तापायला लागलं. थोड्या वेळानं यमुनाबाई म्हशी पाण्यावर घेऊन आल्या आणि ओढ्याच्या त्या काठावरून त्यांनी शकुंतलाला विचारलं की हा एवढा खटाटोप कोणासाठी. शकुंतलानं सरळ सांगितलं, त्यांच्या पोरीसाठी, सहावा महिना आहे, आधी दोनदा पोट टिकलं नाही.

यमुनाबाई पुंडलिकरावांकडं पाहून म्हणाल्या, "जिच्या अंगाले आता दूध याचं हाय, तिच्याच नावानं दूध फोडून राह्यले तुमी?" रागानं नाही, घरातल्या माणसाला बोलावं तसं बोलल्या, आणि म्हशींच्या मागं गेल्या.

दूध वर आलं. शकुंतलानं फुंकर मारली. पुंडलिकरावांच्या हातात अर्धं कापलेलं लिंबू होतं.

"पिळा की, काका," ती म्हणाली.

"लिंबू कच्चं हाय हे."

दुसरं दिलं. तेही कच्चं निघालं. सगळी लिंबं पिवळीधमक होती. दूध उतू जायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, द्या इकडं, मी पिळतो. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात धरलं की दुसऱ्या दिवशी खडू धरताना दुखत होतं. "मास्तर, नाई."

इतकी वर्षं मी या संधीची वाट पाहत होतो. मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "काऊन? पुरावा काय?"

लिंबू त्यांनी खिशात घातलं, सदऱ्याला ओला डाग पडला. माझं मलाच बरं वाटलं नाही. पातेलं मग मीच उतरवलं.

पण माणूस दुकानदार होता, सौदा सोडणारा नव्हता. थोड्या वेळानं ओढ्याच्या काठावर जाऊन त्यांनी हाक मारली, "बाई, दूध आपोआप नासलं तं दोष नाई ना?"

"त्याले कोन काय करीन?" पलीकडून उत्तर आलं.

झालं. पातेलं उघड्या उन्हात ठेवण्यात आलं आणि आम्ही तिघं मोहाच्या सावलीला दूध नासायची वाट पाहत बसलो. जगात लोक दूध नासू नये म्हणून धडपडतात. मी वाकून पाहायला लागलो की ते दबक्या आवाजात ओरडत. "पाहू नका तिकडं. आपन वाट पाहून राह्यलो असं नाई दिसलं पाह्यजे." मग आम्ही दुधाकडं पाठ करून बसलो आणि ते शकुंतलाशी भाववाढीवर बोलायला लागले, मोठ्यानं, दुधाला ऐकू जाईल असं. हा तोच माणूस, ज्यानं पितरांना न विचारता पोरीचं लग्न लावलं होतं.

दूध हट्टी निघालं. परतीच्या बसची वेळ झाली तरी जसंच्या तसं. शेवटी ते बरणीत भरून, तो दगडही घेऊन आम्ही निघालो. त्या डोंगरावर दगड सोडून यायला मी सुचवलं, ते त्यांना आवडलं नाही. घाटाची वळणं, बंद बरणी, तापलेली बस. संध्याकाळी घरी त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि आम्हा दोघांना साक्षीला उभं केलं. स्वतः हात मागं बांधून भिंतीला टेकले. दूध तापलं आणि एकदम फुटलं. पिवळं पाणी निराळं, गोळे निराळे.

"मी हात नाई लावला," ते म्हणाले. "शकुंतला, तू पाह्यलं ना? आपोआप फुटलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

मग हा नेम झाला. सकाळी बरणी ओट्यालगतच्या ठेंगण्या पत्र्यावर उन्हात, वर कापड, शेजारी कोणी रेंगाळायचं नाही. पौर्णिमेला जावई आला. त्यानं पनीरचा पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. लुधियान्याचा माणूस तो, त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. त्यानं शालूकडं पाहिलं. शालू दुसऱ्यांदा वाढून घेत होती. नंतर तिनं शकुंतलाला सांगितलं की त्या पनीरला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. पण वाटी रोज रिकामी करायची. जावई एकटा परत गेला.

पावसाळ्यात ऊन नसे, तेव्हा बरणी बंबाजवळ ठेवत. सरकारी दवाखान्यात शालूला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेल, शेक, काढे सगळं शकुंतलानं पाहिलं. पुंडलिकराव डिंकाचे लाडू वळायला शिकले आणि रात्रंदिवस नात घेऊन ओट्यावर फेऱ्या घालायला लागले. त्या तीनचार महिन्यांत त्यांनी मला एकदाही पुरावा मागितला नाही. दिवाळीनंतर जावई येऊन दोघींना घेऊन गेला.

नंतरच्या शनिवारी पुंडलिकराव ओट्यावर आरसा मांडून दाढी करताना दिसले. गाडी रुळावर आली म्हणून मला हायसं वाटलं. तेवढ्यात पत्र्यावर लक्ष गेलं. बरणी होती, वर कापडही होतं.

"आता कोन खाते हे?" मी विचारलं.

"मीच खातो."

"आवडते?"

"ह्याट. गोनपाटाचा वास येते." त्यांनी गालावरचा फेस पुसला.

"मंग खायाचंच असल तं लिंबू पिळा ना सरळ. चांगलं तरी होईन. पोरगी सुखरूप हाय, नात सुखरूप हाय. आता कायची भीती?"

पुंडलिकराव उठले. अर्धी दाढी तशीच. वाऱ्यानं सरकलेलं कापड त्यांनी बरणीवर नीट ओढलं आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "लेकरू अजून अंगावर पिते ना तिचं."

त्यांनी बरणी थोडी सरकवून उन्हात घेतली आणि पुन्हा आरशापुढं येऊन बसले.