थोरले टायर आणि थोरले जावई

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. माझी गाडी चिखलात रुतली नाही. सासरच्या गावात कोणी 'त्या वर्षी मनोहररावांची गाडी रुतली होती' असं सांगत असेल, तर ते साफ खोटं आहे. बाकी जे झालं ते झालं. रुतली मात्र नाही.

निर्णय तसा अगदी किरकोळ होता. टायर बदलायचे. माणसं चपला बदलतात, त्याची कोणी चर्चा करत नाही. मी टायर बदलले, तर त्यावर आज दोन तालुक्यांत बोललं जातं.

गाडी मी घरीच बांधली होती. कामठीच्या लष्करी लिलावातून आणलेली जीपची चॅसी, मोडीत निघालेल्या एका पिकअपचं इंजिन, आणि मागे सुताराकडून सागाच्या फळ्यांचा ठोकून घेतलेला हौदा, त्यात समोरासमोर दोन बाकं. प्रताप नगरातल्या आमच्या अंगणात हे काम तीन वर्षं चाललं. या काळात सदर भागातल्या ऑफिसात माझी बढती दोनदा हुकली (साहेबांच्या मते माझं लक्ष नसल्यामुळे, माझ्या मते साहेबांमुळे) आणि प्रेमलतेने, म्हणजे माझ्या बायकोने, अंगणात पापड वाळवायचं कायमचं सोडलं. पण गाडी चालत होती. शेजारचे मारोतराव तिला 'मनोहररावांचं दुखणं' म्हणत. तरीही त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाचे बांबू कोणी आणले, हे त्यांनी एकदा आठवून पाहावं.

प्रेमलतेचं माहेर मौद्याहून आत चार मैल. चार मैल म्हणजे निव्वळ काळ्या मातीची पांदण, शेतांमधली बैलवाट. पावसाळ्यात त्या पांदणीने एकदा बूट घेतला की तो दिवाळीनंतर नांगराला सापडतो. माझी धाकटी मेहुणी शामला लग्नाची झाली होती आणि तिला पाहायला निघालेलं एक चांगलं स्थळ मौद्याच्या स्टँडवर उतरून, समोरचा चिखल पाहून, त्याच एस.टी.ने परत गेलं होतं. त्या दिवसापासून पोरगी गप्प गप्प असायची. आता भंडाऱ्याचे पाहुणे पोळ्यानंतरच्या रविवारी येणार होते. घरचा कारभार पाहणारे माझे मेहुणे चंपतराव काळजीत पडले. मी त्यांना सांगितलं, की पाहुण्यांना स्टँडवरून दारापर्यंत आणायची जबाबदारी माझी. (मला कोणी विचारलं नव्हतं, असं प्रेमलता म्हणते. चांगली कामं विचारून होत नसतात.)

आमचे मिस्त्री बाबाराव म्हणाले, आहे त्याच टायरांना साखळ्या बांधा आणि देवाचं नाव घ्या. मी त्यांना समजावलं, की टायर जितका मोठा आणि रुंद, तितकी गाडी उंच, आणि जितकी उंच, तितका चिखल खाली. यात न कळण्यासारखं काही नाही. ट्रकचे चार टायर आणले. ते जीपच्या रिमवर बसत नाहीत, म्हणून ट्रकच्या रिमचं मधलं पोट कापून तिथे जीपच्या रिमचं पोट वेल्डिंगने बसवलं. काम झालं तेव्हा गाडी हातभर उंच झाली होती. चाकं दोन्ही अंगांनी अशी बाहेर आली होती की बेडूक बसल्यासारखं दिसायचं. बाबाराव बराच वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

"साहेब, टायर त बसले," ते म्हणाले, "पण गाडी वळन कशी?"

प्रश्न रास्त होता. स्टीअरिंग फिरवलं की टायर मडगार्डला अडत होता. मग मडगार्ड कापायला घेतले. उजवं कापून झालं आणि डाव्याला हात लावणार तोच करवतीचं शेवटचं पातं तुटलं. पोळ्याचा सण, दुकानं सोमवारपर्यंत बंद. म्हणजे गाडी उजवीकडे झकास वळत होती आणि डावीकडे वळायला किंचित नाखूश होती. (किंचित म्हणजे अजिबात वळत नव्हती.) दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडेचे पुतळे ओरडत मिरवून गावाबाहेर जाळायचा दिवस. मी गाडीची चाचणी घ्यायला निघालो, तर कॉलनीतली सगळी पोरं 'घेऊन जा गे मारबत' ओरडत मागून पळाली. मारोतराव फाटकात उभे राहून हात जोडत होते. अशा लोकांत मी राहतो.

प्रेमलता शनिवारीच माहेरी गेली होती, तीही एस.टी.ने. रविवारी मी खाकी पँट चढवून मौद्याला पोचलो. वाटेत फक्त उजवीकडेच वळायचं असल्यामुळे मला पहाटेच निघावं लागलं, तो भाग सोडून देतो.

स्टँडवर तिघे पाहुणे उभे होते. मुलाचे वडील गोपाळराव, निवृत्त हेडमास्तर, दुधासारखं शुभ्र धोतर आणि हातात छत्री. मुलगा मुकुंद, नवीन पांढरी पँट. आणि मुलाची आत्या पंचफुलाबाई, गुडघ्यांनी अधू पण आवाजाने खणखणीत. गोपाळरावांनी मला विचारलं, चंपतरावांनी गाडी पाठवली का. मी हो म्हटलं. तेव्हाच ओळख सांगायला हवी होती, हे मला आता सगळे सांगतात. पण मी ठरवलं होतं, की गाडीने आधी आपली करामत दाखवावी, मग दारात उतरल्यावर सहज सांगावं, की हा गाडी बनवणारा माणूस म्हणजेच या घरचा थोरला जावई. यात माझं काय चुकलं?

गाडीला पायरी नव्हती. हॉटेलवाल्याचं स्टूल मागून आणलं. आत्याबाईंना पुढे माझ्या डावीकडे बसवलं, त्यासाठी खालून दोन माणसं आणि वरून मी असे तिघे लागलो. बापलेक मागच्या हौद्यात बसले, नेमके उजव्या बाकावर.

पांदण लागली आणि माझ्या गाडीने जे काम केलं, ते पाहायला बाबाराव हवे होते. दोन्ही बाजूंना बैलबंड्या आखापर्यंत बुडालेल्या. गडी बैलांच्या शेपट्या पिरगाळून थकलेले. आणि मी मधून सरळ चाललेलो. एवढे मोठे टायर असल्यामुळे काटा दहा दाखवायचा तेव्हा गाडी वीसने पळत होती, हे मला मागाहून कळलं. मागून गोपाळराव मोठमोठ्याने काही बोलत होते. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण सूर उत्साहाचा वाटला. म्हणून मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

आता उजवं मडगार्ड कापलेलं होतं, हे मी सांगितलंच. ट्रकचा टायर चिखल उचलतो तो तोळ्यामाशाने नाही, घमेल्याने उचलतो. तो सगळा आधी माझ्या अंगावर येत होता आणि माझ्यावरून उरलेला मागच्या उजव्या बाकावर. डावं मडगार्ड शाबूत असल्यामुळे आत्याबाईंच्या लुगड्यावर ठिपका नव्हता. त्या उंचावरून दोन्हीकडची कपाशीची पऱ्हाटी पाहत खुशीत होत्या आणि कुठल्या वावरात फुलं जास्त ते मला सांगत होत्या.

गाव आलं. चंपतरावांचं घर मारुतीच्या देवळापाशी डावीकडे, गल्लीच्या तोंडाशीच. दारात चंपतराव टोपी घालून, माझ्या सासूबाई भागीरथाबाई पाय धुवायचं पाणी घेऊन, आणि मागे प्रेमलता. मी स्टीअरिंग डावीकडे ओढलं. टायर मडगार्डला अडला. गाडी सरळ पुढे गेली.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तीनदा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखंच होतं, हा सरळ हिशोब आहे. मी शाळेपाशी उजवीकडे वळलो, विहिरीपाशी वळलो, आणि तिसऱ्या वळणावर कोणीतरी नेमकी बंडी सोडून ठेवली होती. म्हणून पुन्हा मूळ रस्त्याला यावं लागलं. पुन्हा तेच देऊळ, पुन्हा डावीकडे तेच घर. चंपतराव हात जोडून पुढे आले, आणि आम्ही पुन्हा त्यांच्यासमोरून निघून गेलो. गोपाळरावांनी छत्री उघडली होती, पण ती आडवी धरली होती. गावात बातमी पसरली असावी, कारण तिसऱ्या फेरीला लोक ओट्यांवर येऊन बसले होते.

तोवर बंडी हलली होती. तिसऱ्या फेरीत मी बरोबर गल्लीत शिरलो. ब्रेक मात्र जीपचेच होते आणि चाकं ट्रकची. गाडी चंपतरावांच्या दारापाशी थांबायला हवी होती, ती दारापुढच्या कडब्याच्या गंजीत थांबली. अलगद थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण या बाबीची कोणीही दखल घेतली नाही.

गोपाळराव उतरले. धोतर काळं, मिशा काळ्या, फक्त डोळे आणि दात ओळखू येत होते. मुकुंदचीही तीच कथा. मी त्यांच्याहून वाईट. तोंडावरचा चिखल पुसून, हसून, आता ओळख सांगायची म्हणून मी पुढे झालो.

"हा ड्रायव्हर कोणाचा?" गोपाळरावांनी विचारलं. आवाज शांत होता. हेडमास्तरांचा छडी शोधण्यापूर्वी असतो तसा.

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी मी तीन आठवडे वेल्डिंगच्या ठिणग्या खाल्ल्या, ते आपल्या टोपीची घडी नीट करत राहिले.

"आमच्या यांचा," प्रेमलता म्हणाली.

"जावई स्वतः नाही आले?"

"त्यांना सुट्टी नाही मिळाली."

रविवारी. नवऱ्याला रविवारी सुट्टी मिळाली नाही, हे तिने माझ्या डोळ्यांत पाहत सांगितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दाराच्या फटीतून शामला दिसली. हिरवं लुगडं नेसून ती आधीच रडायच्या बेतात होती. मी तोंड मिटलं आणि चिखलही आत गेला.

पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी दिलं, चंपतरावांची कोरी धोतरं दिली. मुकुंदने धोतर आयुष्यात पहिल्यांदाच नेसलं होतं. ते सावरता सावरता त्याने शामलाकडे पाहिलं, तिला हसू आवरेना, तोही हसला, आणि बघण्याचा कार्यक्रम तिथेच पार पडला. हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा गोठ्यात होतो.

सासूबाई स्वतः ताट घेऊन आल्या. पुरणपोळी होती, वर तुपाची धार होती, पण शेजारी बैल होता.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "पोरीच्या जन्माचा सवाल हाय. आजच्या दिवस डायवरच राहा जी."

मी विचारलं, की पाहुण्यांनी होकार दिल्यावर तरी खरं सांगाल ना. त्यांनी पदर डोळ्याला लावला. गोपाळराव जेवता जेवता म्हणाले होते, की आमच्या घरात एक वेळ तोटा चालतो, खोटं चालत नाही. म्हणजे आता लग्न लागेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही, असं माझ्या गैरहजेरीत ठरलं.

आठवड्याने भंडाऱ्याहून पत्र आलं. मुलगी पसंत. लग्न मार्गशीर्षात. आणि खाली दोन ओळी, आत्याबाई लग्नाला येतील तर त्याच उंच गाडीने आणि त्याच ड्रायव्हरबरोबर, दुसऱ्या कशात त्या बसणार नाहीत. मी प्रेमलतेला म्हटलं, ठीक आहे, बाबारावांना पाठवतो, मला थोरल्या जावयाच्या मानाने मांडवात बसायचं आहे. ती म्हणाली, बाबाराव म्हणजे तोच ड्रायव्हर नव्हे, आणि गोपाळरावांची नजर हेडमास्तरची आहे.

मग घरात रीतसर विचार झाला, सगळ्यांनी मत दिलं (मी सोडून), आणि असं निघालं, की जावई नसला तरी लग्न लागतं, ड्रायव्हर मात्र लागतोच.

तेव्हा मार्गशीर्षात, कोरड्या खडखडीत पांदणीतून, मी आत्याबाईंना घेऊन आलो. डावं मडगार्डही कापून घेतलं होतं. पहिल्याच फेरीत दारात थांबलो. गावातल्या एकूण एक माणसाला कोण कोण आहे ते ठाऊक होतं आणि एकूण एक माणूस 'ओ डायवर, पाणी आणा' म्हणून मजा घेत होता. थोरल्या जावयाचा पाट मांडवात रिकामा ठेवला होता. अक्षता मी गाडीच्या बॉनेटजवळून टाकल्या.

वऱ्हाड परत निघालं तेव्हा गोपाळरावांनी मला जवळ बोलावलं. नारळ आणि टोपी हातात दिली. पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू माणूस कष्टाळू आहेस, त्या दिवशीचा राग धरू नकोस. मला क्षणभर वाटलं, आता सांगून टाकावं.

"एक काम कर," ते म्हणाले. "तुझ्या साहेबांना माझा निरोप सांग. मेहुणीच्या लग्नाला एक दिवस यायला होत नाही, असा जावई काय कामाचा?"

सांगतो, म्हटलं.

शेजारी प्रेमलता उभी होती. ती मान हलवून म्हणाली, "मी पण रोज हेच सांगते त्यांना."