नाव, गाव, पान

गनीमामांच्या तोंडावर "लोक म्हणतात" असं कधी म्हणू नका. माझं ऐका, मी म्हणून बघितलंय.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ मामांचं मराठी टायपिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात आम्ही आसपासचे मास्तर एम.फिल., पीएच.डी.च्या मागे हात धुऊन लागलो होतो आणि सगळ्यांचे प्रबंध मामांच्याच टाइपरायटरमधून जायचे. ते बडवून बडवून या सातवी पास माणसाला तळटिपांचं वेड लागलं. वाक्य कुणाचं ते खाली लिहिलेलं नसलं की बोटं थांबलीच. "नाव? गाव? पान?"

बरं, हे दुकानापुरतं असतं तर! "मामा, चौफुल्याची गाडी गेली हो," म्हटलं की विचारायचे, "सोत्ता बघितली का ऐकीव?" ऐकीव म्हटलं की पिशवी उचलून पळत सुटायचे, आणि काय सांगू, गाडी खरंच उभी असायची! घरी कालवण वाढताना मामी आधीच सांगून टाकायच्या, "मसाला नणंदेचा, मीठ माझं." गणपतीत पाहुणे म्हणाले, "थोर विचारवंतांनी म्हटलंच आहे," तर मांडवातून आवाज आला, "कंच्या?"

माझा प्रबंध शिरूर-दौंड भागातल्या कोड्यांवर. गुरुवारी विद्यापीठात द्यायचा, नाहीतर वर्ष बुडणार. आणि सोमवारी मामांनी मशीनवर कव्हर टाकलं.

"'खुटबावच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं.' कोन बाई?"

"अहो, नाव नाही विचारलं! सोळा कोडी सांगितली, चहा दिला. आता काय त्यांची जन्मपत्रिका जोडू?"

"च्या पिलात आन् नाव न्हाई इचारलं?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, गाइडना चालतंय, तुमच्या का पोटात दुखतंय?"

मामा मशीनच्या कव्हरवर हात ठेवून खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "सर, मी धंद्यात नवा हुतो तवा एक साहेब आमच्या ओट्यावर बसून अम्माकडनं कोडी लिहून घेऊन गेले. प्रबंध टायपिंगला माझ्याकडंच आला. 'एका अडाणी बाईकडून' असं लिवलेलं. गिऱ्हाइकाला कसं बोलायचं? केलं टाइप. अम्मा इचारायची, माझं नाव कुठं हाय रं? तिला वाचता येत न्हवतं. मी त्या 'अडाणी बाई'वर बोट ठेवलं आन् म्हणलं, हितं हाय. आख्ख्या गल्लीला दाखवायची, मरंपतूर. पान एकशे बारा."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं खुटबाव गाठलं. साळूबाईंनी पुन्हा चहा पाजला, वर "नाव इचारायला येवढ्या लांब आलास व्हय?" म्हणून हसल्या.

दुकानात येऊन मी मामांना म्हणालो, "साळूबाईंची सोळा झाली. सतरावं अम्मांचं घालू. सांगा."

मामांनी सांगितलं. तळटीपही स्वतःच टाइप केली: जैनबबी, शिरूर. कागद मशीनमधून काढला आणि त्या नावावर बोट ठेवलं.

"हितं हाय, अम्मा," म्हणाले.