दगडूने टपालामागे धावणं सोडलं

एका जंगलात कोंडाबाई नावाची अस्वलीण राहत होती आणि तिने एक कुत्रा पाळला होता. अस्वल कुत्रा कसा पाळेल, असं विचारू नका मुलांनो. त्या जंगलात हरीण टपाल वाटत होतं, हत्ती सरपंच होता आणि सिंहमहाराज दर पंधरवड्याला परिपत्रक काढत होते. तिथे एका अस्वलिणीने कुत्रा पाळला तर तुमचं काय बिघडलं?

कुत्र्याचं नाव दगडू. पिल्लू असताना तो ओढ्याकाठी सापडला, तेव्हा जगेल असं कोणाला वाटत नव्हतं. अशा लेकरांना दगडू, धोंडू अशी नावं ठेवायची रीत आहे, म्हणजे यम त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. दगडू जगला आणि धावायला लागला.

खार दिसली की धाव. वाळलं पान उडालं की धाव. स्वतःच्या सावलीमागे तर तो इतका धावला की अंगणात गोल पायवाट पडली. कोंडाबाई मध काढून दमून यायची आणि उंबऱ्यावर बसून त्याचं पळणं कौतुकाने पाहायची. तिला मूलबाळ नव्हतं. घरात कोणीतरी धापा टाकतंय, पाण्याचं भांडं लवंडतंय, यातच तिचं सुख होतं.

मग एके दिवशी दगडूला टपालवाला दिसला.

टपालवाला म्हणजे वामनराव, एक पोक्त चितळ. गळ्यात पिशवी अडकवून रोज सकाळी ते कोंडाबाईच्या दारावरून पूर्वेच्या वस्तीला जायचे. टपाल तरी काय असायचं? महाराजांनी प्रजेला पाठवलेल्या शुभेच्छा, आणि त्या मिळाल्याबद्दल प्रजेने महाराजांचे आभार मानायचा छापील नमुना. तो भरून त्याच दिवशी परत द्यायचा असे.

दगडू भुंकत त्यांच्या मागे लागला. वामनराव जीव घेऊन पळाले, ते थेट वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत. दगडू शेपूट वर करून ऐटीत परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात अशी वेळ आली की उजाडल्यापासून तो कुंपणाला डोळे लावून बसे. भाकरीकडे बघेना, हाकेला ओ देईना. कोंडाबाईचं कौतुक आटलं आणि तिला काळजी लागली.

वामनरावांनी तक्रार केली. पंचायत बसली. सरपंच दौलतराव हत्ती सोंडेने माशा वारत म्हणाले, "कोंडाबाई, टपाल म्हणजे राज्याचं काम. महिन्याभरात कुत्र्याची खोड मोडा. नाहीतर त्याला नदीपलीकडे सोडून येऊ."

नदीपलीकडे लांडग्यांचं राज्य होतं. तिकडे सोडलेलं काही परत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कोंडाबाई घरी आली, दगडूला पोटाशी धरलं आणि खूप रडली. त्याचं लक्ष कुंपणाकडेच होतं.

जंगलात कोल्हेसर म्हणून एक विद्वान होते. ते 'श्वान मनःशांती शिबिर' चालवत. कोल्ह्याने कुत्र्यांना काय शिकवावं, हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण सरांकडे फळा होता.

"बाई, हे वरवरचं पळणं आहे," सर म्हणाले. "आत काय पळतंय ते शोधायला हवं."

"आत काय पळतंय, सर?"

"ते सातव्या दिवशी कळतं."

सात दिवस दगडूला पळसाच्या पानावर डोळे मिटून बसवलं. सातव्या दिवशी त्याच्या गळ्यात प्रमाणपत्र अडकवलं. घरी येताना वाटेत वामनराव दिसले आणि दगडू प्रमाणपत्रासकट त्यांच्या मागे सुटला.

कोंडाबाई सरांकडे गेली. सर म्हणाले, "फरक आहे ना. पूर्वी तो नकळत पळायचा. आता जाणीवपूर्वक पळतो."

यात दहा दिवस गेले. शेवटी ती सगुणाआजीकडे गेली. सगुणाआजी म्हणजे एका पायाने लंगडणारी म्हातारी शेळी. तिच्याकडे फळा नव्हता, त्यामुळे तिला कोणी विचारत नसे.

"अगं, सगळा जन्म मी कुत्र्यांच्या पुढे पळाले," सगुणाआजी म्हणाली. "मागून येणाऱ्याच्या मनात काय असतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वामन रोज येतो आणि रोज पुढे निघून जातो. तुझ्या दगडूला वाटतं, आपणच त्याला हाकललं. रोज जिंकतोय बघ तो. जिंकायचं कोण सोडेल?"

"मग करू काय, आजी?"

"पहिलं म्हणजे त्याचं जिंकणं बंद कर. लांब दोर बांध. वामन लांब असतानाच हाक मार. तुझ्याकडे वळून पाहिलं की लगेच वाळल्या मासळीचा तुकडा तोंडात घाल. नाही पाहिलं तर ओरडू नकोस, त्याला घेऊन वामनपासून आणखी लांब जाऊन उभी राहा. आणि पळायची हौस आहे ना त्याला? ती तूच भागव. काठीला चिंधी बांधून पळव त्याला रोज. खेळ तू सुरू करायचा आणि तूच थांबवायचा."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

सांगायला सोपं होतं. पहिल्या दिवशी दोराच्या हिसक्याने कोंडाबाई तोंडावर आपटली. तिसऱ्या दिवशी तळवा सोलला. पाचव्या दिवशी दगडूने हाकेसरशी कान हलवला, फक्त एक कान, आणि त्या एका कानासाठी कोंडाबाईने त्याला तीन तुकडे दिले. मधेच एक सकाळ अशी गेली की सगळं मुसळ केरात. दोर सुटला आणि वामनराव पुन्हा वस्तीपर्यंत पळाले. कोंडाबाईने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नवा दोर वळला.

महिना संपायला दोन दिवस होते. वामनराव आले. दगडू ताठ उभा राहिला, अंगातून एक शिरशिरी गेली, आणि मग मान वळवून तो कोंडाबाईकडे बघत बसला. दोर सैल होता. कोंडाबाईला इतकं भरून आलं की तुकडा द्यायचंच राहिलं. दगडूने तो तिच्या मुठीतून स्वतः ओढून घेतला.

पंचायतीने सत्कार ठेवला. शाल आणि नारळ कोल्हेसरांना मिळाला, मार्गदर्शनाबद्दल.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, मुलांनो. पण गाठ पंचायतीशी होती.

मागे कुत्रा नाही म्हटल्यावर वामनराव सावकाश चालू लागले. कोवळा पाला दिसला की थांबत. भेटेल त्याच्या सुनेची, गुडघ्याची चौकशी करत. दुपारी आंब्याखाली पिशवी उशाला घेऊन पडत. पूर्वी सूर्य वर यायच्या आत पोहोचणारं टपाल आता दिवेलागणीला पोहोचू लागलं. आभाराचे नमुने तुंबले. महाराजांचं परिपत्रक आलं: 'पूर्वेच्या वस्तीतील प्रजा कृतघ्न झाली आहे काय? खुलासा करावा.'

दौलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कोंडाबाईला पुन्हा बोलावणं गेलं.

"कुत्रा धावत का नाही?" त्यांनी विचारलं.

"सरपंच, तुम्हीच सांगितलंत की."

"आम्ही खोड मोडायला सांगितली होती. काम बंद करायला नाही सांगितलं. आठ दिवसांत कुत्रा टपालामागे धावला पाहिजे. नाहीतर नदीपलीकडे."

या वेळी कोंडाबाई रडली नाही. तिला राग आला. पण रागाने दगडू वाचणार नव्हता. मन घट्ट करून तिने सकाळी त्याला 'छू' म्हटलं. दगडू खाली बसला आणि शहाण्यासारखा तिच्या तोंडाकडे पाहू लागला. तिने काठीने वामनराव दाखवले. दगडूने शेपूट हलवली.

कोल्हेसरांनी अभिप्राय दिला, "विसरलाय तो. प्रात्यक्षिक दाखवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दौलतराव, कोल्हेसर आणि पाचही पंच दगडूला शिकवायला वामनरावांच्या मागे धावले. सर तर भुंकलेसुद्धा. मागे हत्ती येतोय म्हटल्यावर वामनराव असे सुटले की टपाल सूर्य उगवायच्या आत वाटून झालं. चार दिवस हे चाललं आणि महाराजांची शाबासकी आली, सरपंचांच्या नावाने, सहीशिक्क्यानिशी.

मग काय विचारता. आठवा दिवस आला, पण दगडूला नदीपलीकडे न्यायला कोणालाच सवड नव्हती. सगळी पंचायत धावत होती. अजूनही धावते. रविवारी टपालाला सुट्टी असते, त्या दिवशी सरपंचीणबाई बाहेरून कडी घालतात.

एकदा त्या कोंडाबाईकडे आल्या. डोळे सुजलेले होते. "वहिनी, तुम्ही याला कसं आवरलंत हो? आमच्यांचे पाय सुजलेत, पण थांबत नाहीत."

कोंडाबाईने सगळं सांगितलं. दोर, हाक, मासळी. ओट्यावर सगुणाआजी बसली होती. तिने मान हलवली.

"दगडूचं ठीक होतं," ती म्हणाली. "त्याला हरणामागे धावल्याबद्दल कोणी शाबासकी दिली नव्हती."

तात्पर्य: मुलांनो, वाईट खोड कधीही परस्पर सोडू नये. आधी पंचायतीत जाऊन, त्या खोडीवर कोणाचं काम चाललं आहे, ते विचारून घ्यावं.