एकशे चौदावी चूल

चार वर्षं पीएच.डी. करूनही ऋता दामलेचा आत्मविश्वास शाबूत होता. भारतीय समाज, अर्थव्यवस्था आणि संस्कृती असा ऐसपैस पसारा ओलांडून ती एका वाक्यावर येऊन ठेपली होती: गिरणगावातलं एकत्र कुटुंब अजून मोडलेलं नाही. आता चाळीस घरांचं सर्वेक्षण तेवढं उरलं होतं. सोमवारी ते सादर झालं नाही तर मुदतवाढीच्या अर्जावर मार्गदर्शकांची सही मिळणार नव्हती, म्हणजे चारही वर्षं पाण्यात.

चाळ सुचवली ती तिचे मार्गदर्शक डॉ. अजित मयेकर यांनीच. "लालबागच्या त्या चाळीत माझं लहानपण गेलंय. एका चुलीवर बारा माणसं जेवायची. डोळे मिटून जा," ते म्हणाले. सर स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी पवईला राहायला गेले होते. एकत्र कुटुंबावर त्यांची तीन पुस्तकं होती.

चाळीचे सेक्रेटरी बुधाजी राणे यांनी फॉर्म चष्म्याजवळ धरून वाचला. खोली क्रमांक, कुटुंबप्रमुख, भावंडं, चुली किती. त्यांचा चेहरा गंभीर झाला. चाळ पाडून टॉवर होणार, ही कुजबुज दोन वर्षं चालू होती. टॉवरमध्ये चुलीमागे एक खोली मिळते, असा चाळीचा पक्का समज होता. ऋताने आपण विद्यार्थिनी असल्याचं सांगितलं, तेव्हा बुधाजींनी डोळा मिचकावला. बिल्डरची माणसं खरं कधी सांगतात?

"तू कायेक बोला नको गो," ते म्हणाले. "गणपतीची वर्गणी मी एका दिवसात गोळा करतंय. हे तर नुसते फारम."

फॉर्मांचा गठ्ठा घेऊन ते गॅलरीभर फिरले. ऋता मागे मागे गेली. खोली बारामध्ये कौसल्याबाई गावडे यांनी ठामपणे दोन चुली सांगितल्या.

"दुसरी कोणाची?" ऋताने विचारलं.

"मालकांची. आम्ही येगळी र्‍हातो."

त्यांच्याच हातची कोलंबीची आमटी भुरकत मालकांनी मान डोलावली.

शनिवारपर्यंत चाळीस खोल्यांतून एकशे दोन कुटुंबं निघाली. ऋताने जिन्याखाली मोठ्या अक्षरांत पाटी लावली: या सर्वेक्षणाचा पुनर्विकासाशी काहीही संबंध नाही. संबंध नसता तर पाटी कशाला लावली असती, असा चाळीने सरळ विचार केला, आणि रविवारी आणखी अकरा कुटुंबं वेगळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली एकत्र कुटुंबं तिच्या डोळ्यांदेखत चार दिवसांत मोडली होती. ती रडायच्या बेतात होती.

सोमवारी सर पोट धरून हसले. "माणसं फॉर्मवर खोटं लिहितात, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना? ही सगळी रद्दी आहे. मुदतवाढीवर मी कशी सही करू?" असं म्हणत ते फॉर्म चाळत राहिले. सत्ताविसाव्या खोलीशी त्यांचा हात थांबला. कुटुंबप्रमुख: राजेश मयेकर. चुली: तीन. भावंडं: नाहीत.

सरांनी चष्मा काढला. "राजेश माझा सख्खा भाऊ आहे. हे खोटं आहे."

"सर, सगळंच खोटं आहे. तुम्हीच म्हणालात."

"हे जास्त खोटं आहे." सरांनी चष्मा पुन्हा चढवून तो फॉर्म परत वाचला. मग त्यांनी हळूच विचारलं, चाळ नक्की कधी पाडणार? ऋताने पुन्हा सांगितलं की हा निव्वळ अभ्यास आहे. "तुला काय माहीत?" म्हणत सरांनी टॅक्सी मागवली.

चाळीच्या गॅलरीत सर आणि ऋता दिसताच राजेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बुधाजींनी मात्र अजितला लगेच ओळखलं, पाठीवर थाप मारली आणि खिशातून पेन काढलं.

"बरा झाला इलंस. बोल, चूल भावाबरोबर की येगळी?"

तीन पुस्तकांच्या लेखकाने एकदा भावाकडे बघितलं, एकदा खोलीकडे.

"वेगळी," सर म्हणाले.

शेवटचा कोरा फॉर्म ऋताच्या हातात होता. तो पुढे करण्याआधी तिने पर्समधून मुदतवाढीचा अर्ज काढला आणि त्यावर विषयातला छोटा बदल लिहिला: 'फॉर्म समोर आल्यावर एकत्र कुटुंब किती दिवस टिकतं'. सरांनी तो न वाचताच सही केली. त्यांचं सगळं लक्ष दुसऱ्या कागदाकडे होतं.