गोरेगावचे एक्केचाळीस दारूबाज

डॉक्टर इनायत हुसेन यांना गोरेगावच्या सरकारी दवाखान्यात येऊन चार महिने झाले होते, तेव्हा वरून एक जाड लिफाफा आला. साल एकोणीसशे एक्केचाळीस. राजधानी हैदराबादेत कुठलीशी 'दिमागी तहकीकात कमिटी' बसली होती आणि दारू माणसाच्या मेंदूचं काय करते हे तिला खेड्यापाड्यांतून जाणून घ्यायचं होतं. दारू गावोगाव पोचवण्याची व्यवस्था सरकारनं आधीच चोख केलेली होती. ती डोक्यात शिरल्यावर पुढं काय होतं, एवढंच पाहायचं राहिलं होतं.

लिफाफ्यात एक मोठा तक्ता होता. त्यात दोन रकाने, 'पिणारे' आणि 'न पिणारे'. दोन्हींत वीस-वीस माणसं भरायची, प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा आणि दर मंगळवारी त्यांची परीक्षा घ्यायची. सात शब्द ऐकवायचे आणि पाव घंट्यानं परत म्हणायला लावायचे, सुईत दोरा ओवायला द्यायचा, खडूच्या रेघेवरून चालवायचं. डॉक्टर हिंगोलीच्या एका कापडवाल्या घरातले, हैदराबादेत शिकून नुकतेच आलेले. सरकारी कागदावर आणि पुस्तकी इल्मावर त्यांची सारखीच श्रद्धा होती. त्यांनी त्याच दिवशी रेघ आखून घेतली.

अडचण अशी आली की गावात कोणी पीतच नव्हतं. डॉक्टर घरोघरी गेले. कोणी म्हणालं, आमच्या सात पिढ्यांत नाही. कोणी कानाला हात लावला. एकानं तर दारू दिसायला कशी असते ते डॉक्टरांनाच विचारलं. मग कलालाचं दारूचं दुकान चालतं कुणावर, असं डॉक्टरांनी पाटलांना विचारलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर, असं पाटील म्हणाले. दुकान ज्या गल्लीत होतं ती गल्ली पुढं ओढ्यात संपत होती, पण डॉक्टरांनी वाद घातला नाही.

पंधरा दिवसांनी साखरा गावाच्या वाटेवरच्या तांड्यातला सेवा नावाचा गडी पायातला काटा काढून घ्यायला आला. काटा निघाल्यावर डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, तुम्ही दारू पिता का.

"व्हय, पेतो," सेवा म्हणाला. "नऊ वर्सं झाली."

डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. कंपौंडर संतरामनं तक्ता आणला, पहिल्या रकान्यात पहिलं नाव पडलं. सेवाला एकच काळजी होती. मंगळवारी यायला तो तयार होता, पण वाटेत चावडीचा माणूस भेटला तर बेगारीला धरून नेईल. कोणी साहेब दौऱ्यावर आला की त्याचा तंबू, त्याच्या घोड्याचा चारा, त्याच्या कोंबड्या, सगळं गावानं फुकट वाहायचं. बेगार कायद्यानं बंद झाली असं डॉक्टरांनी वाचलं होतं. सेवानं ते वाचलेलं नव्हतं, कारण त्याला वाचता येत नव्हतं, आणि चावडीनंही वाचलेलं दिसत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: 'हा इसम दारूबाज असून सरकारी तहकीकातीत दाखल आहे. यास बेगारीवर नेऊ नये.' खाली सही आणि दवाखान्याचा गोल शिक्का.

आठवड्यानं सेवाला सडकेवर धरलं. त्यानं चिठ्ठी दाखवली. चावडीच्या माणसानं ती दोनदा वाचली, सेवाला वाट दिली आणि मागून येणाऱ्या नासेर पिंजाऱ्याला धरलं. त्या दिवशी नासेरनं एका साहेबाची लोखंडी पेटी सेनगावापर्यंत डोक्यावर वाहिली. चिठ्ठीत काय होतं ते त्यानं चावडीच्या माणसाकडून काढून घेतलं, आणि उरलेली वाटभर त्याला विचार करायला वेळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात हजर झाला आणि मी रोज पितो असं म्हणाला. डॉक्टर त्याला मशिदीत पाचही वेळा पाहत होते.

"नासेरमियाँ, तुम्ही?"

"मजबुरी है साहब," नासेर खाली बघत म्हणाला. "झूठ बोलना गुनाह हाय, ठावं हाय मला. पन ती पेटी लई जड व्हती."

डॉक्टर नाव लिहायला तयार नव्हते. पण कमिटीचा नियम साफ होता: इसम स्वतः कबूल करेल तेच धरावं. कमिटीला बिचारीला असं वाटलं होतं की माणूस दारूचं खोटं बोलला तर एकाच बाजूला, म्हणजे पीत नाही असंच, बोलेल. नासेरला चिठ्ठी मिळाली. संध्याकाळी त्याची बायको खतीजाबी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. घरात लग्नाची पोरगी आहे, असल्या माणसाच्या घरी सोयरीक कोण करील, असं म्हणाली. आणि उठताना, आपल्या भावाला पण एक चिठ्ठी मिळेल का, असं विचारून गेली.

मग रांग लागली. सुतार आला, कुंभार आला, देवळात कीर्तन करणारे आले, सासऱ्याला पाठीवर घेऊन एक जावई आला. नेमके जे खरोखर पीत होते ते तेवढे आले नाहीत. त्यांना अब्रू होती. मंगळवारची परीक्षा म्हणजे तमाशा झाला. साधीसुधी माणसं पिणाऱ्यासारखं दिसावं म्हणून रेघ सोडून भिंतीवर जात. कीर्तनकारांनी सात शब्दांच्या जागी अभंग म्हटला. नासेर रोज कापूस पिंजताना धुनकीवर नाजूक हात चालवणारा माणूस, त्याला सुईचं भोकच दिसेना. डॉक्टर सगळं मनापासून लिहीत होते. दोन महिन्यांत 'पिणारे' या वीसांच्या रकान्यात, खाली कागद जोडून जोडून, एक्केचाळीस माणसं झाली. 'न पिणारे' मोकळाच राहिला, कारण त्यात नाव घालून काही मिळत नव्हतं.

एका सकाळी सेवाची बायको मोतीबाई आली आणि तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"ही तुमची तुमाला घ्या, साहेब. आता ते पेत न्हाईत."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. नऊ वर्षांची दारू अशी सुटत नाही, असं पुस्तकात होतं. मोतीबाई खाली बसली आणि तिनं सांगितलं. चिठ्ठीत काय लिहिलंय हे तांड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा संतरामनं ती मोठ्यानं वाचली. सेवानं ते ऐकलं आणि तो दिवसभर जेवला नाही. गावातले लोक चोरून पितात आणि माझ्यावर सरकारचा शिक्का बसला, सरकारी शिक्का मेल्याबिगर निघत नाही, असं म्हणून बसला.

"पन मनात येऊन दारू सुटती व्हय," मोतीबाई म्हणाली. "म्या बघून राहिले नऊ वर्सांपासून. दारू त्यांच्या डोक्यात न्हवती साहेब, वाट व्हती डोक्यात. सांजेला कामावरून निघाले की पाय आपसूक त्या गल्लीत वळत. मानूस घरला यायचं म्हनत असतो, पाय आयकत न्हाईत. मंग म्या रोज सांजेला भाकर घेऊन त्यांच्या वावरात जाऊन बसले. तितंच जेवायचं आन् ओढ्याच्या पल्याडच्या अंगानं घरला यायचं. कोसभर लांब पडतं. पयले आठ दिस हात थरथरले, घामानं भिजले, मला शिव्या दिल्या. म्या ताक पाजलं, आंबील पाजली, शिव्या आयकल्या. आता पाय नवी वाट शिकले."

डॉक्टरांनी तिचं बोलणं जसंच्या तसं उर्दूत उतरवून अहवालाला जोडलं, आणि सेवाचं नाव पहिल्या रकान्यातून खोडून दुसऱ्यात लिहिलं. गावातला एकुलता एक खराखुरा कबूल पिणारा आता कागदावर गावातला एकुलता एक न पिणारा झाला. अहवालाचा पहिला निष्कर्ष मात्र त्यांनी सुरुवातीच्या पंधरा दिवसांवरून आधीच लिहून ठेवला होता: 'पिणारा इसम पिण्याचं कधीही सरळ कबूल करत नाही.' तो आता खोडायचा राहून गेला.

अहवाल गेला आणि चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या एका बड्या साहेबाचा मुक्काम गावाबाहेर पडला. चावडीनं माणसं बोलावली. जो येई तो चिठ्ठी काढी. सुतारानं काढली, कुंभारानं काढली, कीर्तनकारांनी पोथीतून काढली. शेवटी साहेबाचा तंबू साहेबाच्या शिपायांनी रोवला आणि तो रात्रीत दोनदा पडला. साहेबानं सकाळी विचारलं, हे काय गाव आहे. पाटलांनी मान खाली घालून सांगितलं की हुजूर, इथं सगळे सरकारी दारूबाज आहेत.

साहेबाला राग आला, पण सरकारच्या शिक्क्यावर रागावता येईना. त्यानं दवाखान्याचा तक्ता आणि अहवालाची नक्कल मागवली, पिणारे मोजले आणि आबकारीच्या, म्हणजे दारूखात्याच्या, दरोग्याला हुकूम दिला. एवढ्याशा गावात चाळीस पिणारे आणि दुकान एकच, ही रयतेची तकलीफ आहे. दुसरं दुकान ताबडतोब उघडावं.

हा दरोगा दर महिन्याला कलालाचं दुकान तपासायला यायचा, त्यामुळे गाव त्याला ओळखत होतं. तो चावडीत येऊन बसला आणि त्यानं दुसऱ्या दुकानाला जागा विचारली. गावाच्या पायाखालची जमीन सरकली. खतीजाबीच्या पाठोपाठ बायका चावडीपुढं जमल्या. आत नासेर हात जोडून म्हणाला की आम्ही पीत नाही, आम्ही खोटं सांगितलं होतं. सगळ्यांनी तेच म्हटलं. दरोग्यानं तक्त्यावरचे अंगठे दाखवले आणि अहवालाचं पहिलं कलम वाचून दाखवलं.

"पिणारा कबूल करत नाही, असं डॉक्टरसाहेबच लिहून राहिले. तुम्ही जितकं नाही म्हणाल, तितकं बराबर होतं."

डॉक्टरांनी उभं राहून आपली चूक झाली असं सांगितलं. दरोगा म्हणाला, चूक झाली तर कमिटीकडून कागद आणा, तोवर मला हुकूम आहे. मग विचार करून त्यानं एक वाट ठेवली: न पिणाऱ्याची साक्ष चालेल. तक्त्यात असा कोणी आहे का?

तक्त्यात असा एकच होता. त्याला आणायला पाटलांनी स्वतःची बैलांची दमणी जुंपली. ज्या सेवाच्या डोक्यावर चावडीनं वर्षानुवर्षं पेट्या दिल्या, तो गादीवर बसून चावडीत आला. मोतीबाईही शेजारी बसून आली. गादी मऊ आहे की नाही ते तिनं दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

दरोग्यानं विचारलं, या गावात खरोखर पिणारे किती.

"दुकानात नऊ वर्सं बसलो, साहेब," सेवा म्हणाला. "सात जन व्हतो. मी सुटलो, सा राहिले. सा मानसांना हाय ते दुकानबी मोठंच पडतं."

गावानं श्वास सोडला. पण दरोग्यानं दौत पुढं ओढली.

"नावं सांग."

पाटील आपल्या जोड्याची शिवण न्याहाळू लागले. संतरामला दवाखाना उघडा राहिल्याची आठवण झाली, पण उठणं बरं दिसलं नसतं. सेवानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, सावकाश, दरोग्याकडंही.

"नावं याद न्हाईत, साहेब."

"नऊ वर्षं संगं बसलास आणि नावं याद नाहीत?"

"दारूच ती," सेवा म्हणाला. "डोस्कं खाऊन टाकती."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. सगळ्या मंगळवारांत सातही शब्द न चुकता म्हणणारा, वर मागच्या मंगळवारचेही म्हणून दाखवणारा माणूस एकटा सेवाच होता. त्यांनी समोर बसलेल्या बायकांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

दरोग्यानं मात्र दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यानं भराभर लिहून टाकलं की साक्षीवरून पिणारे सहा, दुसऱ्या दुकानाची गरज नाही. दारूमुळे स्मरणशक्ती नष्ट होते हे साक्षीदारावरून सिद्ध. कागदावर वाळू टाकून तो निघालासुद्धा. तो कागद कमिटीकडंही पोचला, आणि पुढं कमिटीनं डॉक्टरांना खास पत्र लिहून कळवलं की एवढा स्पष्ट पुरावा दुसऱ्या कुठल्याही दवाखान्याकडून आलेला नाही.

परत पोचवायला पाटलांची दमणी नव्हती. सेवा आणि मोतीबाई ओढ्याच्या पलीकडच्या अंगानं चालत निघाले. बरंच अंतर गेल्यावर मोतीबाईनं विचारलं की खरंच याद नाहीत का नावं.

सेवानं चालता चालता नावं सांगितली. पाटील. पाटलाचा मेहुणा. संतराम कंपौंडर. तेली. चावडीचा माणूस. प्रत्येक जण कुठं पाठ टेकून बसायचा तेही सांगितलं.

"हे पाच झाले," मोतीबाई म्हणाली.

"सावा दरोगा. म्हैन्याला तपासाया यायचा. तपासता तपासता तितंच झोपायचा."

मोतीबाईनं दुसऱ्या हाताचं एक बोट दुमडलं.

"मंग त्यानं नावं काहून इचारली?"

"बघून राहिला व्हता," सेवा म्हणाला, "मला याद हाय का न्हाई ते."