जावयाने आणलेला मसाला

मेघनाला मुलगी झाली ते २०२२ साल. बारसं एप्रिलच्या शेवटी झालं आणि त्याच आठवड्यात तिच्या आईचा, रमाबाईंचा, गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. म्हणून वर्षाचा मसाला कुटून आणायचं काम आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडे गेलं.

जावई विनीत वर्ध्याचा. मुंबईत नोकरी लागली तसा काळाचौकीच्या चाळीत सासरीच येऊन राहिला होता. कोणी घरजावई म्हटलं की "खोली पाहणं चालू आहे नं," म्हणायचा. पण मुंबईवर मात्र बेहद्द खूश. रविवारी डबलबारीच्या भजनाला पुढच्या रांगेत बसायचा, माझगावात चर्चच्या सणाला बँडमागून चालायचा, तिसऱ्यांच्या शिंपल्या कशा चोखायच्या तेही शिकला होता. चाळ त्याचं कौतुक करी. रमाबाई करत नसत. वर्षभरात त्यांनी त्याला ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा त्या नवऱ्याला, अप्पांना, धाडत. बाहेरच्या माणसाला जुडी कळत नाही, असं त्यांचं मत. आज मसाला नीट आला तर विनीत घरातला होणार होता. बिघडला तर वर्षभर, दर जेवणाला, त्याचा उद्धार होणार होता.

"जावयांनू, ऐका," भाजलेल्या मिरच्यांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवत रमाबाई म्हणाल्या. "कुटून होयसर जाग्यावरून उठू नकात. डोळो हलवू नकात."

"आई, मी काय लहान पोर आहो काय?"

"लहान पोर बरा. ता बॅंजो ऐकून पळत नाय."

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत रांग लागली होती. मसाला कुटणाऱ्या यंत्रांचे लोखंडी डंख दणादण आपटत होते, सगळी गल्ली शिंकत होती. विनीत आपल्या डंखासमोर स्टुलावर बसला. शेजारच्या डंखापाशी फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक वयस्कर बाई नाकाला रुमाल लावून बसली होती. ती माझगावची जर्ट्रूडबाई.

"पहिल्यांदा आलात?" विनीतने विचारलं.

"हो रे बाबा. आमच्याकडे मसाला कुटायला बाया घरी यायच्या. लाकडी मुसळं घेऊन, गाणी म्हणत. आता कोण येते? माझा नवरा सिल्वेस्टर म्हणाला, मशीनवर ने. तो म्हणाला, तो घरी बसला." आणि ती सात वेळा शिंकली.

दोघांनी मिळून गप्पांचाही मसाला कुटला. अशात पलीकडच्या चाळीत कोणाच्या तरी हळदीला बॅंजो पार्टी वाजू लागली. विनीतचा उजवा पाय हलला. मग डावा. मग तो उभा राहिला.

"मावशी, दोनच मिनिटं. डबा पाहाल का?"

"जा रे, मी हाय इथं."

दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. हळदीवाल्यांनी त्याला ओढून नाचवला, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खायला घातली, नवरदेवाचा मामा समजून फोटोतही घेतला. तो घामाघूम परत आला, तेव्हा कुटणारा चहाला गेला होता, दोन्ही एकसारखे डबे झाकण लावून जमिनीवर ठेवले होते, आणि जर्ट्रूडबाईचे दोन्ही डोळे मिटलेले होते. त्यांतून पाण्याच्या धारा.

"डोल्यात गेलं रे देवा! हा तुझा, हा माझा. ने लवकर. मला घरी सोडायला टॅक्सी बघ."

विनीतने टॅक्सी बघितली आणि डबा खांद्यावर मारून विजयी वीरासारखा घरी आला.

रमाबाईंनी त्याच दुपारी बांगड्याचं तिखलं केलं. विनीतने पहिला घास घेतला आणि त्याचा हात ताटातच थांबला. चव फार छान होती. पण वर्षभर ओरपलेलं तिखलं हे नव्हतं. त्याने चोरून डब्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत चिकटलेली चिठ्ठी निघाली: 'जर्ट्रूड, माझगाव', आणि खाली घराचा पत्ता.

तेवढ्यात अप्पा म्हणाले, "अजून एक बांगडो वाढ."

चाळीस वर्षं मान खाली घालून जेवणारा माणूस. रमाबाईंनी वाढला. अप्पांनी तिसरा मागितला. "आज हात बरो लागलो तुझो."

रमाबाईंनी तोही वाढला. विनीतने चिठ्ठी हळूच खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन माझगावला पोचला. जर्ट्रूडबाईने दार उघडलं, डबा बघितला आणि त्याला जिन्यातच ओढलं.

"हळू बोल! सगला मसाला बाटल्यांत भरून झाला. बावीस बाटल्या, ठासून!"

"पण मावशी, तो आमचा आहे नं!"

"काल त्याचं मटण केलं. सिल्वेस्टर काय म्हणाला ठाऊक? म्हणाला, जर्ट्रूड, तुझ्या आईच्या हाताची आठवण झाली. माझी आई!" तिने डोळे पुसले, यावेळी मिरचीविना. "आता मी त्याला काय सांगू? तू डबा घेऊन जा. कोणाला बोलू नको, शपथ घे."

विनीतने शपथ घेतली. वर्षभर तो प्रत्येक जेवणाला जीव मुठीत धरून बसला. अप्पा खात राहिले, आणि कोथिंबीर आणायचं काम हळूहळू जावयाकडे आलं. त्यानेच त्याला जास्त अपराधी वाटे.

पुढच्या एप्रिलमध्ये मिरच्या भाजून झाल्या तेव्हा त्याला राहवलं नाही. "आई, तुमच्यापाशी काही लपवलं मी. मागच्या वर्षीचा मसाला..."

"माका पयल्याच घासाक कळला," रमाबाई डब्याला फडकं बांधत म्हणाल्या.

"मंग बोलल्या काहून नाही?"

"चाळीस वर्सां ह्या माणसान कालवणाक बरा म्हटला नाय. त्या दिवशी म्हणालो. आता तो हात भायरच्या कोणाचो तरी होतो, ह्या मी कित्याक सांगू?" त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला. गुडघो बरो आसा. मीच येतंय."

गल्लीत जर्ट्रूडबाई आधीच बसली होती. विनीतने ओळख करून दिली. दोघींनी मान हलवली आणि समोर बघत बसल्या, जशा दोन पोलीस बंदोबस्ताला. दोघींनी आपापल्या डंखावरून डोळा हलवला नाही. मसाले झाले, झाकणं लागली.

रमाबाई उठल्या, पदर खोचला आणि जर्ट्रूडबाईचा डबा उचलला. जर्ट्रूडबाईने रमाबाईंचा उचलला.

"जाड भरडलंय गो तुमचं," जर्ट्रूडबाई म्हणाली.

"तुमच्या मसाल्यात भाजलेलो गहू जास्ती पडलो," रमाबाई म्हणाल्या. "उद्या घराक येवा, सांगतंय."

त्या गेल्या. पुढे दोन्ही घरांत जाणं-येणं सुरू झालं. विनीतने खोली बघणं सोडून दिलं. अप्पांना मसाल्याचं शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. ते वारले २०२४ च्या फेब्रुवारीत, सोळा तारखेला, दुपारी, पोटभर जेवून झोपल्यावर.