कूलर (चल), एक नग

सुरक्षितता ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि घाम हा त्याचा मूलभूत हक्क. दोन्ही एकाच माणसाला, एकाच वेळी, भरपूर मिळावेत अशी सोय निसर्गाने फार थोड्या ठिकाणी केलेली आहे. दिल्लीतली द्वारका ते गुरुग्राम हा रस्ता, मे महिन्यात, त्यांपैकी एक.

या सोयीचा पुरेपूर लाभ घेणारा इसम म्हणजे सुधन्वा. तो मूळचा पुण्याचा. पुण्यात त्याने कॉलेजपासून दुचाकी चालवली आणि त्या काळात हेल्मेटविषयी त्याचे मत कोणत्याही पुणेकरासारखेच, म्हणजे लेखी निवेदन देण्याइतके प्रतिकूल होते. पुढे नोकरीने त्याला दिल्लीला आणले आणि पगाराने मोठी मोटारसायकल. गाडी घरी आली तेव्हा त्याची बायको रुचिरा हिने तिला ओवाळले, हँडलला हार घातला, आणि नवऱ्याला अट घातली. अट सोपी होती. गाडीवर बसताना हेल्मेट, जाकीट, हातमोजे, गुडघ्याचे कवच आणि घोट्यावरचे बूट, या पाचही वस्तू अंगावर हव्यात. एक जरी कमी आढळली, जाकिटाची चेन जरी उघडी दिसली, की गाडी विकायची.

गिऱ्हाईक तयार होते. सुधन्वाच्या ऑफिसातला मित्र यशोधन रोज दुपारी न चुकता विचारी, "काय यार, गरम तर नाही ना होत?" मैत्रीत इतकी आपुलकी हल्ली पाहायला मिळत नाही.

अटीच्या अंमलबजावणीचे काम सासऱ्यांकडे होते. बळवंतराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेले. त्यांच्या सहीशिवाय तिथे एकही फाईल हलत नसे. (सहीनंतरही फारशी हलत नसे, पण तो वेगळ्या विभागाचा प्रश्न.) तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते दुर्बीण घेऊन बसत. दुर्बीण पक्षी पाहण्यासाठी घेतलेली. द्वारकेत कबुतरांपलीकडे पक्षी फारसे दिसेनात, म्हणून तिच्यातून जावई पाहण्याची प्रथा पडली.

सुधन्वाचे त्या गाडीवर प्रेम होते, हे इथेच सांगून टाकलेले बरे. मार्चमधल्या सकाळी ती मोकळ्या रस्त्यावर सोडली की आपण आता कोणाचे कर्मचारी नाही, कोणाचे जावई नाही, असे त्याला वाटे. दिवसातली ती एवढीच मिनिटे त्याची स्वतःची होती. ती जाऊ द्यायला तो कोणत्याही तापमानाला तयार नव्हता.

तापमान मात्र तयार होते. मे उजाडला. जाकीट युरोपातल्या कुठल्याशा थंड देशात शिवलेले होते, आणि तिथल्या लोकांच्या काळजीपोटी आत दुहेरी अस्तर घातलेले होते. सुधन्वाने तज्ज्ञांचे सल्ले शोधले. जाळीचे जाकीट घ्यावे, म्हणजे हवा आत येते. (घेतले. येते. पंचेचाळीस अंशांची येते. तंदूरलाही खालून हवा लागतेच.) आत ओले बनियन घालावे. (घातले. ऑफिस येईपर्यंत ते वाळून त्याला इस्त्रीही झालेली होती.) पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन नळीने घोट घेत राहावे. (रुचिराने प्रेमाने पाण्याऐवजी ताक भरले. जिऱ्याचा दाणा नळीत अडकला, फुंकर मारताना तोंड चुकले आणि ताक हेल्मेटच्या काचेवर आतून पसरले. काचेला आतून वायपर बसवण्याची सोय अद्याप कोणी काढलेली नाही.) लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवावा, हा सल्ला तज्ज्ञांचा नसून सासूबाईंचा. (ठेवला. तेव्हापासून त्याला ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐसपैस जागा मिळू लागली.)

जावयाची ही अवस्था पाहून बळवंतरावांचे मन द्रवले. नियम शिथिल करणे त्यांच्या रक्तात नव्हते. नियमाला जोडपत्र लावणे होते. त्यांनी बाल्कनीतला जुना कूलर उघडला, त्याच्या जाळीतला वाळा काढला, आणि दाभण-सुतळी घेऊन तो जाळीच्या जाकिटाला छातीवर, पाठीवर आणि दोन्ही बाह्यांना आतून टाचून टाकला. खांद्यावर पाण्याची बाटली बसवली. तिच्यातून सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी वाळ्यावर पडे.

"आमच्या ऑफिसात अख्खा सेक्शन याच्यावर गार होत होता," ते म्हणाले. "तुम्ही तर एकटे आहात."

आणि काय सांगावे! जाकीट गार झाले. नुसते गार नाही, शहारा यावा इतके गार. सुधन्वा लू चिरत निघाला तेव्हा त्याच्या गळपट्टीतून वाळ्याचा सुगंध येत होता आणि तो हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने गात होता. अडचण एकच उरली. वाळ्याला वारा लागतो, आणि सिग्नलला वारा नसतो. ती बळवंतरावांनी पाठीवर दोन छोटे पंखे बसवून दूर केली. आता सुधन्वा थांबला तरी चालू असे.

वाटेतल्या कापसहेड्याच्या सिग्नलला त्याचा लौकिक पसरायला वेळ लागला नाही. त्याच्या बाह्यांतून गार झुळूक येते हे कळताच रिक्षा, स्कूटर आणि एक भाजीचा टेम्पो त्याच्याभोवती गोळा होऊ लागले. "भाईसाहब, ज़रा बाजू इधर करना," अशी विनंती येई आणि तो हात पसरून उभा राही. सिग्नल हिरवा होई, पुन्हा लाल होई, कोणी हलत नसे. दिल्लीत हिरव्या सिग्नलला शांतपणे थांबलेला जमाव पाहून वाहतूक पोलिसालाही संशय आला. तो चौकशीला आला आणि तोही डाव्या बाहीपाशी थांबला.

संध्याकाळी हे जाकीट रुचिराच्या ट्रेडमिलवर निथळत ठेवले जाई. ट्रेडमिल दोन हिवाळ्यांपूर्वी घेतलेली. पहिल्या आठवड्यात ती चाललीही होती. पुढे तिचा दांडा टॉवेलला नेमका बसतो हे ध्यानात आले आणि तिची खरी उपयुक्तता घराला कळली.

एक दिवस डासांच्या तपासणीला पालिकेच्या मॅडम आल्या. सोसायटीतले कूलर पाहत पाहत त्या हॉलमध्ये पोचल्या आणि थांबल्या.

"ये टपक क्या रहा है?"

"जैकेट है, मैडम," सुधन्वा म्हणाला.

मॅडमनी टॉर्च मारला. "घास है. पानी है. पंखा है. तो कूलर हुआ ना?"

बळवंतरावांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर इतका शुद्ध प्रशासकीय युक्तिवाद त्यांच्या कानी पडला नव्हता. "बिल्कुल," ते भारावून म्हणाले. "वर्गीकरण अचूक आहे."

डाव्या कोपरात तीन अळ्या आढळल्या. (प्रकृती उत्तम.) मॅडमनी जाकिटाची नोंद 'कूलर (चल), एक नग' अशी केली, पाठीवर स्टिकर लावला आणि बजावले की इतर कूलरांप्रमाणे हाही दर रविवारी पूर्ण कोरडा ठेवायचा. पुन्हा पाणी सापडले तर चालान.

आणि रविवार आला. पारा सेहेचाळीसवर. रुचिराला पहाडगंजच्या अलकामावशींकडून थालिपिठाची भाजणी हवी होती, ती आजच. त्याच सकाळी यशोधन सहज म्हणून आला. त्याचे हेल्मेट कोपरात अडकवलेले होते (कोपर सुरक्षित होते) आणि काखेत मोटारसायकलचे नवे कव्हर होते. मापात बसते का, एवढेच पाहायचे होते.

"बाबा, आजच्यापुरता हा वाळा तरी काढतो," सुधन्वा काकुळतीला येऊन म्हणाला.

"कूलर कोरडा ठेवायचा आहे, जावईबापू. उघडा करायचा नाही." बळवंतरावांनी दुर्बीण उचलली.

सुधन्वा खाली गेला. अंगात वाळक्या गवताची गादी, तिच्यावर जाळीचे जाकीट, त्याच्यावर दिल्ली. गाडीचे सीट असे तापलेले की बसताना चर्र झाले असते, पण कपडे सुरक्षित होते. कसाबसा तो फाटकापर्यंत आला. तिथे त्याला एकदम तीन फाटके दिसली. त्याचा हात गळ्यापाशी, चेनेवर गेला. वर बाल्कनीत बळवंतरावांनी श्वास रोखला, रुचिराने कठडा घट्ट धरला, यशोधनने कव्हराची घडी उलगडली.

सुधन्वाला मार्चमधली सकाळ आठवली. त्याने हात खाली घेतला, गाडी वळवली आणि इंजीन बंद करून सरळ सामानाच्या लिफ्टकडे ढकलत नेली.

"साहब, गाड़ी लिफ़्ट में?" गार्ड ओरडला.

"सामान है," हेल्मेटमधून आवाज आला.

तीन मिनिटांत मोटारसायकल हॉलमध्ये एसीखाली उभी होती. एसी अठरावर होता. सुधन्वा गाडीवर बसलेला होता. पाचही वस्तू अंगावर, चेन गळ्यापर्यंत.

"सुधन्वा, हे काय आहे?" रुचिराने विचारले.

"गाडीवर बसलोय. मोजून घे."

"पण चालते कुठे ती? चालवायचीच नसेल तर देऊन टाक ना यशोधनला!"

यशोधन विनयाने एक पाऊल पुढे आला. आता गाडी जाते की राहते, हे हॉलमध्ये कोणालाच सांगता येत नव्हते. सुधन्वाला गळपट्टीमुळे मान वळवता येईना. त्याने नुसते हातमोज्यातले बोट उचलले आणि ट्रेडमिलकडे केले. ट्रेडमिलवर तीन टॉवेल, दोन उशांचे अभ्रे आणि बळवंतरावांची लुंगी वाळत होती.

रुचिराने टॉवेलांकडे पाहिले, मग वडिलांकडे. बळवंतराव छताकडे पाहत होते, कारण तिथल्या माळ्यावर त्यांची हार्मोनियम होती. निवृत्तीनंतर शिकायची म्हणून हौसेने आणलेली. तिच्यातून आजवर फक्त झुरळे स्वरात निघाली होती. त्यांनी घसा साफ केला.

"वस्तू चालत नाही म्हणून विकायची, असा पायंडा या घरात पडू देता येणार नाही. अटीचे पालन झालेले आहे. विषय निकाली."

यशोधनने कव्हराची घडी घातली. भाजणी अॅपवरून आली.

तेव्हापासून घरात आनंदीआनंद आहे. सुधन्वा ऑफिसला मेट्रोने जातो आणि घरी येऊन, पाचही वस्तू चढवून, हॉलमध्ये गाडी चालवतो. इंजीन लावता येत नाही, म्हणून आवाज तोंडाने काढावा लागतो. वळणावर तो खराच झुकतो. कधी रुचिरा शाल पांघरून मागे बसते आणि "अरे हळू!" म्हणून ओरडते, आणि दोघे लग्नानंतर पहिल्यांदाच इतके खिदळतात की बळवंतरावांना हॉर्न वाजवू नये अशी पाटी लावावी लागली. अपघात शून्य, उष्माघात शून्य, पेट्रोल शून्य. गाडी हिवाळ्यात बाहेर काढायचे ठरले आहे. हिवाळ्यात धुके असते, हे ठरवताना सगळ्यांना ठाऊक होते.

प्रश्न यशोधनचा उरला. एवढे चांगले कव्हर वाया जायला नको, म्हणून तो हल्ली ओळखीपाळखीच्या घरी सहज डोकावतो. तेव्हा वाचकहो, हसून झाले असेल तर जरा मान वळवा आणि आपल्या घरातल्या त्या वस्तूवर जे वाळत घातले आहे ते अजून तिथेच आहे ना, एवढे पाहून घ्या. बेल वाजली तर टॉवेल मुळीच उचलू नका. चालू नसलेली वस्तू वापरात आहे, याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा आहे.